लस आणि डोळे

"फादर, लशीने डोळे जातात म्हणतात, खरे काय?" असे पाळीतील एका आजींनी मला मागे विचारले. नातवाची गोवराची लस त्यांनी दोनदा टाळली होती. "छे, काही होत नाही," एवढे सांगून त्यांची बोळवण करणे सोपे होते. परंतु अशा उत्तराने लोकांचा विश्वास बसत नाही, उलट शेजारच्या एखाद्याचा डोळा लाल झाला की होता तोही उडतो.

आजींच्या दंडावर देवी काढल्याचा वण होता. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल हिला टोचली गेली, तीच ही देवीची लस. तिच्या फोडात जिवंत विषाणू असत. मूल फोड खाजवी, तोच हात डोळ्याला लावी, आणि मग पापणीवर फोड उठे. क्वचित बुबुळावर व्रण पडून दृष्टीही अधू होई. हे खरेच घडत असे. परंतु देवीच्या रोगाने ज्यांचे डोळे गेले, त्यांच्यापुढे ही संख्या अगदीच अल्प होती. त्याच लशीमुळे १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे कोविडची लस देण्यात आली. त्यानंतर काहींच्या डोळ्यांच्या आतील पडद्यास सूज आली, कोणाच्या दृष्टिपटलाची शीर तुंबली, तर कोणाचे रोपण केलेले बुबुळ शरीराने नाकारले. कोट्यवधींनी लस घेतली असता त्यांतील काहींना असे विकार एरव्हीही झालेच असते. म्हणून प्रत्येक वेळी दोष लशीचाच, असे ठरविता येत नाही.

गोवराचे मात्र निराळे आहे. कुपोषित बालकास, विशेषतः 'अ' जीवनसत्त्वाची उणीव असल्यास, गोवराने बुबुळावर व्रण पडून कायमचे अंधत्व येऊ शकते. गोवराच्या लशीबरोबरच रुबेलाचीही लस दिली जाते. गरोदरपणी आईस रुबेला झाल्यास मूल मोतीबिंदू घेऊनच जन्मास येण्याचा संभव असतो.

बुबुळाचे रोपण झालेल्यांनी लशीपूर्वी डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे. लस घेतल्यावर डोळा दुखू लागला, उजेड सोसवेना वा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी साखळीचे आरोग्य केंद्र किंवा बांबोळीचे इस्पितळ गाठावे. सूज वेळीच कळल्यास ती बहुधा औषधाच्या थेंबांनी उतरते. मध, पाल्याचा रस किंवा घरात उरलेले जुने थेंब मात्र, कोणी कितीही आग्रह केला तरी, डोळ्यात घालू नयेत.