वेळणेश्वरास केव्हां जावें?

गुहागर तालुक्यांत, शास्त्री नदीच्या मुखाच्या उत्तरेस, अगदीं समुद्रकांठीं वेळणेश्वराचें देवालय आहे. गाडगीळ, गोखले इत्यादि अनेक कुळांचें हें कुलदैवत. पुण्यामुंबईकडील मंडळी सवडीप्रमाणें येतात, अभिषेक करवितात, शेजारच्या हेदवीस दशभुज गणपतीचें दर्शन घेतात आणि परत फिरतात. एवढ्यानें कुलाचार झाला; पण गांव पाहिला असें कांहीं आम्हांस वाटत नाहीं.

गांव पाहावयाचा तर तो गोळा होतो तेव्हां यावें. माघ वद्य चतुर्दशीस, महाशिवरात्रीला, येथें यात्रा भरते. पुढें पंधरवड्यानें शिमगा. त्या दिवसांत ह्या भागांत ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते व नमनाचे खेळे निघतात. मृदंगावर थाप पडते, गण होतो, परंपरेप्रमाणें पुरुषच गवळणींचा वेष घेऊन येतात. आणि काळ्या पोषाखाचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर दिसतांच, हसावें कीं पळावें अशा पेंचांत पोरें पडतात. ह्या रंगभूमीस एक अंगण पुरतें.

मात्र अंगणांत माणसें हवींत. खेळ्यांतील कित्येक गडी मुंबईस चाकरीला. ते रजा काढून गांव गांठतात, तेव्हां कोठें खेळ उभा राहतो. त्यांनीं एवढें करावें आणि कुलदैवताच्या नात्यानें येणाऱ्या आपण अभिषेक उरकून निघावें, हें बरें दिसत नाहीं. तरी वाचकांनीं पुढील खेपेस तिथि पाहून निघावें, मुलांना बरोबर घ्यावें आणि रात्रीं खेळे पाहावयास सर्वांबरोबर अंगणांत बसावें.