तांब्याच्या नळाचा सांधा : डाग की पेच?

आमच्या वारंगा फाट्यावर थांबून गरम खिचडी खाणाऱ्याला नळाचा सांधा सुचायचा नाही. पण इथं संसार करणाऱ्या बाईला तो सुचतो! नळवाला एक आणि गावं अनेक. तो येईपर्यंत बादली लावून बसायचं. म्हणून मैत्रिणींनो, या कामातलं थोडंफार आपल्यालाही ठाऊक असलेलं बरं.

आमच्याकडे गच्चीवरच्या सौर बंबापासून न्हाणीत आणि स्वयंपाकघरात तांब्याचा नळ आला आहे. मागच्या थंडीत त्याचा एक सांधा पाझरू लागला. नळवाला म्हणाला, "काकू, डाग देऊन टाकतो." मी विचारलं, "बाबा रे, तुझ्या डागात शिसं तर नाही ना?" तो हसला, पण मला हसू येईना. घरात दोन वर्षांची नात आहे. शिसं पाण्यात उतरतं, गरम पाण्यात जास्तच, आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. अमेरिकेत १९८६ साली पिण्याच्या पाण्याच्या नळाला शिशाचा डाग देण्यावर कायद्यानं बंदी आली. आपल्या आजीही भांड्याला कल्हई करताना कथील शुद्ध आहे ना, हे बघतच होत्या की!

डाग वाईट नव्हे. बिनशिशाचा असेल, तर भिंतीत बुजणाऱ्या सांध्याला तोच उत्तम. मात्र नळ आतून कोरडा हवा. थेंबभर पाणी राहिलं, तरी सांधा पुरता तापत नाही आणि डाग धरत नाही. टोकं घासून लख्ख करायची, फ्लक्स लावायचा आणि आच सांध्याला द्यायची. वितळलेला डाग फटीत आपोआप ओढला जातो.

आमचा सांधा उघड्यावर, लाकडी दाराशेजारी होता. तिथं ज्योत नको, म्हणून पितळी नट आणि आत रिंग असलेला पेचाचा सांधा घेतला. दोन पाने लागतात : एकानं धरायचं, दुसऱ्यानं आवळायचं. जोर करून फार आवळलं, तर रिंग चेपते. पुन्हा कधी खोलला, तर रिंग नवी घालावी.

आणखी एक. तांबं थेट लोखंडी नळाला जोडू देऊ नका, लोखंड लवकर गंजतं. मध्ये पितळेचा तुकडा घालावा. आणि स्वयंपाकाला, प्यायला पाणी गार नळाचंच घ्यावं.

नळवाल्याला चहा जरूर द्या, पण डागाचं वेष्टन आधी वाचून घ्या!