केलं की केलो?

एमएच्या शेवटच्या सत्रात एका पेपरऐवजी 'स्वतंत्र अभ्यास' घेता यायचा. वर्ग नाहीत, नेमलेली पुस्तकं नाहीत, परीक्षाही नाही. आठवड्यातून एकदा मार्गदर्शक बाईंसमोर वही घेऊन बसायचं, एवढंच. मला वाटलं, सुटलो. पहिल्याच भेटीत ऐटीत विषय सांगितला: 'सोलापूर भागातील मराठीवर कन्नडचा प्रभाव'. बाई म्हणाल्या, "यात तिघांच्या पीएचड्या मावतील. तुला एक वाक्य पुरे."

ते वाक्य मी शोधून आणलं: 'मी काम केलो.' आपण पुण्यात 'मी काम केलं', 'मी भाकरी केली' म्हणतो. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. कन्नडात तसं नाही. 'नानु केलस माडिदे' यातलं 'माडिदे' फक्त 'मी'कडे बघतं, मग काम असो की भाकरी. शेजारणीची ही सवय मराठीला लागली, असं माझं गृहीतक. पाठीशी गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास होता. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून मराठी, कन्नड आणि उर्दूचे शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची घडण एकमेकींसारखी होत गेली, असं त्यांनी दाखवलं होतं.

अक्कलकोटकडच्या एका गावात ओळखीतून एक आजोबा भेटले. रेकॉर्डर चालू करून मी विचारलं, "आजोबा, तुम्ही 'काम केलं' म्हणता की 'काम केलो'?" आजोबा ताठ बसले. "छे, छे. 'केलं' हेच बराबर." तासभर त्यांनी शाळेतल्या धड्यासारखी मराठी ऐकवली. मी रेकॉर्डर पिशवीत टाकला, चहा आला, तेवढ्यात नातवाने दारातून काहीतरी विचारलं. आजोबा म्हणाले, "अरे, मी आंघोळ केलो, पूजा केलो, मग शेताकडं गेलो." एका दमात दोन उदाहरणं, आणि यंत्र पिशवीत!

पुण्याला येऊन रडगाणं गायलो. बाई हसल्या आणि त्यांनी भाषाशास्त्रज्ञ लबॉव्हची गोष्ट सांगितली. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये त्याला लोक शब्दातला 'र' उच्चारतात की गिळतात ते बघायचं होतं. तो तीन मोठ्या दुकानांत गेला आणि चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे, एवढंच विक्रेत्यांना विचारत राहिला. उत्तर ठरलेलं: 'फोर्थ फ्लोअर'. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं. दोन 'र'चे चार झाले, आणि आपली भाषा कुणी तपासतंय याचा समोरच्याला पत्ताही नाही.

मी लगेच नवा प्रश्न तयार केला: "काल दिवसभरात काय काय केलंत?" बाईंनी पेन्सिलने 'केलंत'भोवती गोल काढला. "उत्तर तूच त्यांच्या तोंडात घालतोयस." त्या एका प्रश्नावर आमची अर्धी भेट गेली. शेवटी उरलं ते इतकंच: "कालचा दिवस कसा गेला?" 'जाणे' अकर्मक, त्यामुळे कर्माच्या मागे जायचा प्रश्नच नाही. भाषाविज्ञानाच्या सगळ्या पेपरांत मिळून जे शिकलो नव्हतो, ते त्या पेन्सिलीच्या गोलात होतं.

दुसऱ्या खेपेला, रेकॉर्डर चालू आहे हे आधीच सांगून, तोच प्रश्न विचारला आणि गप्प बसलो. आजोबा पावसावर आले, बैलावर आले, थोरल्याच्या लग्नावर आले. पहिली दहा मिनिटं 'केलं'ची, पुढची सगळी 'केलो'ची. मी खुशीत निघालो. एसटीत बसल्यावर पिशवी चाचपली आणि शेजारच्या मित्राला म्हणालो, "अरे, मी वही विसरलो."

म्हणालो आणि थबकलो. वही स्त्रीलिंगी. मग 'विसरली' का नाही? 'मी धडा शिकलो', 'मी चहा प्यालो' हीसुद्धा आम्हा पुणेकरांची शुद्ध मराठीच की! ज्या रचनेचं मूळ शोधायला मी सीमेपर्यंत गेलो होतो, ती माझ्याच तोंडात होती. व्याकरणाच्या पुस्तकांत तिला अपवाद म्हणतात, म्हणून तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

निबंधाचं शेवटचं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. कन्नडने ढकललं असेल, पण दार मराठीच्याच घरात होतं आणि आधीपासून किलकिलं होतं, असा काहीसा निष्कर्ष निघाला. उदाहरणांच्या यादीत एक वाक्य मी एसटीच्या तिकिटामागे खरडलेल्या टिपणावरून जसंच्या तसं उतरवलं: 'मी वही विसरलो. वक्ता: स्वतः. ध्वनिमुद्रण नाही.'