ढीग चुकलेलं पुस्तक

आमचं घर कळमन्यात. मार्केट यार्डाच्या इतकं जवळ की अंबिया बहाराच्या दिवसांत पहाटेच्या अजानबरोबरच संत्र्यांच्या गाड्यांचा घरघराट कानी पडायचा, आणि मिरचीचा हंगाम आला की घरभर शिंका. अब्बा यार्डात मापारी होते. लिलाव संपला की मालाचं वजन करायचं आणि काटापट्टीवर शेतकऱ्याचं नाव, माल, वजन लिहायचं, हे त्यांचं काम. अक्षर मोत्यासारखं. ते मूळ काटोलकडच्या खेड्यातले, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. घरी आम्ही हिंदी-उर्दू मिसळून बोलायचो, पण वाचायचं म्हटलं की त्यांना मराठीच लागायची. मोहल्ल्यात कुणी हटकलं तर म्हणायचे, "जे अक्षर आधी शिकलो, त्यातच डोळे चालतात बा."

बारावीनंतर मी ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला आणि १९९८ मध्ये एका लहानशा वाचनालयात तुटपुंज्या मानधनावर लागले. नवी पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवायची, त्यांना वर्गांक द्यायचा, तालिकापत्रं लिहायची. एका पुस्तकाची तीन कार्डं: लेखकाचं, ग्रंथनामाचं आणि विषयाचं.

वर्गांक ड्यूईच्या दशांश पद्धतीचे. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने ती पद्धत १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात धर्माला २०० ते २९९ हे आकडे आहेत. त्यांतले २२० ते २८० ख्रिस्ती धर्मासाठी, आणि उरलेल्या जगातले सारे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने बसवलेले. हिंदू धर्म २९४.५, इस्लाम २९७. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते. त्याचीच घमेंडही होती.

एकदा कुणीतरी दिलेल्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा आला. संध्याकाळपर्यंत संपवायचा होता. त्यात 'योगसंग्राम' होतं. लेखक शेख महंमद. नाव वाचलं आणि हात आपोआप २९७ कडे गेला. पुस्तक मी उघडूनही पाहिलं नाही. कार्डावर आकडा लिहिला, पाठीवर चिठ्ठी डकवली आणि पुस्तक इस्लामच्या कपाटात ठेवून दिलं.

महिन्या-दोन महिन्यांनी सुटीच्या दिवशी अब्बा वाचनालयात आले. त्यांना तेच पुस्तक हवं होतं. ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा होती त्या कपाटासमोर ते बराच वेळ उभे राहिले. वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "आपल्या शेख महंमदचं पुस्तक नाही का तुमच्याकडे?" मी ऐटीत उठले आणि २९७ च्या कपाटातून ते काढून दिलं.

अब्बांनी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरची चिठ्ठी पाहिली. "हे तिथं काहून ठेवलं?"

मी म्हटलं, "लेखक मुसलमान आहेत ना, अब्बा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बेटी, संत्र्याचा ढीग मिरचीच्या यार्डात टाकला तर त्याले गिऱ्हाईक भेटन का? माल तोच राहते. ढीग चुकला की गेला."

त्या रात्री मी ते पुस्तक पहिल्यांदा उघडलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकातले. 'योगसंग्राम' हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ. ज्या माणसाने ओवीत लिहिलं, त्याला मी ओवीच्या रांगेतून उठवून दुसरीकडे नेऊन बसवलं होतं. हे कुणा परक्याने केलं असतं तर मी त्यावर लेख लिहिला असता. इथे चूक माझ्याच हाताची होती, आणि माझंही नाव त्याच तऱ्हेचं होतं.

दुसऱ्या दिवशी आकडा बदलला. मग सगळीच कपाटं पुन्हा तपासायला घेतली, आणि ध्यानात आलं की आपली नावं म्हणजे तालिकाकाराची खरी परीक्षा असते. 'शेख' हे आडनाव धरायचं की नावाचा भाग? 'खान' आधी लिहायचं की शेवटी? अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्या नावाने कुणी शोधायला आलं तर? त्यासाठी मी 'पाहा' कार्ड लिहिलं: पटेल, मेहबूब हुसेन; पाहा: शेख, अमर. एवढ्याशा कार्डाने माणूस योग्य दारी पोचतो. हमीद दलवाईंची 'इंधन' कादंबरी ८९१.४६३ मध्येच आहे ना, हेही पाहून आले. होती. जीव भांड्यात पडला.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळायला हवा, हा आशय त्यांतल्या तिसऱ्या नियमाचा. परीक्षेत त्यावर मी पूर्ण गुण मिळवले होते. तो कळला मात्र एका मापाऱ्याकडून.

आता कार्डांचे खण गेले, संगणक आला. सोय झाली, पण नवी गोम आहे. एका ग्रंथालयाची नोंद दुसरं ग्रंथालय जशीच्या तशी उचलतं. एकाने वर्गांक चुकवला की ती चूक गावोगाव फिरते. शिवाय रोमन लिपीत नोंद केली की एकच शेख तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी विखुरतो, आणि शोधणाऱ्याला वाटतं, या माणसाने एवढंच लिहिलं.

शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूची केली. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातले ग्रंथ. एका माणसाने चिकाटी धरली म्हणून ती कितीतरी पुस्तकं आज आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या लिहिणाऱ्यांसाठी असं कोण बसणार?

हा अंक वाचनालयात जाईल तेव्हा त्याची एकच नोंद होईल: अंकाचं नाव आणि वर्ष. आत कोण लिहितं, कशावर लिहितं, हे कुठल्याच तालिकेत चढणार नाही. त्यासाठी प्रत्येक लेखाची वेगळी नोंद करावी लागते, आणि तेवढा वेळ सहसा कुणाकडे नसतो. म्हणून मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. घरी असलेल्या जुन्या अंकांतल्या लेखांची, कवितांची, कथांची कार्डं लिहायला घेतली आहेत. लेखक, शीर्षक, अंक, वर्ष, पान. ज्यांच्याकडे जुने अंक असतील त्यांनी तेवढंच कळवावं.

अब्बा २०११ मध्ये गेले. त्यांच्या ट्रंकेत काटापट्ट्यांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेल्या काही ओव्या सापडल्या. त्यांचंही कार्ड केलं आहे. वर्गांक ८९१.४६१.