थांबलेला काटा

माझ्या वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्याप आमच्या दारात उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या ह्या जातीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आमची मात्र अजून बाजारास जाते. तेल बदलताना वडील मीटरवरील आकडा एका वहीत टिपून ठेवीत. त्यांच्या पश्चात ती वही मी चालवीत आहे.

गेल्या वर्षी गिअरबॉक्स कुरकुरू लागला. तो उतरवून बेअरिंगे बदलण्याचे काम मी ज्या मेकॅनिकाकडे सोपविले, तो पूर्वी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. चौथ्या दिवशी गाडी मिळाली. कुरकुर गेली होती; परंतु नाक्यावर येऊन पाहतो, तो वेगाचा काटा शून्यावर निश्चल, आणि किलोमीटरचे आकडेही ९१,४३७ वर थिजलेले!

मी तसाच माघारी वळलो आणि आठदहा गिऱ्हाइकांदेखत त्याला म्हणालो, "आतले एखादे चाक बसवावयास विसरलास, हे उघड आहे. गिअरबॉक्स पुन्हा उतरव." तो इतकेच म्हणाला, "सर, सकाळी गाडी आणा, उतरवतो. पण आधी केबल बघू का?" मी त्याला पुढे बोलू दिले नाही. केबल तर नवी कोरी होती. जुनीला पंचवीस वर्षे झाली म्हणून मीच ती बाजारातून स्वस्तात आणून दिली होती.

रात्री झोप येईना. विद्यार्थिमित्रहो, ह्या मीटरची रचना मोठी मौजेची आहे. गिअरबॉक्सच्या मागील टोकास एक लहान दातेरी पिनियन असते. तिच्या चौकोनी छिद्रात केबलमधील पीळदार तारेचे टोक बसते, आणि ती तार फिरत मीटरपर्यंत जाते. तेथे तिच्यासह एक लोहचुंबक फिरतो. त्याच्या भोवती, त्याला न शिवता, ॲल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाहाचे भोवरे उठतात व ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. ह्या ओढाताणीत काटा जेथे स्थिर होईल, तो वेग. ही युक्ती ओटो शुल्झे ह्याने १९०२ साली पेटंट म्हणून नोंदविली. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर नव्हे, तर दातेरी चाकांवर चालतात. म्हणजे काटा बंद आणि आकडे चालू, तर दोष मीटरात; दोन्ही बंद, तर बहुधा त्याच्या अलीकडे. वर्गात हे मी फळ्यावर काढून शिकवितो!

उजाडताच कामास लागलो. केबल मीटरपासून सोडविली आणि तिच्या तारेचे टोक मीटरमध्ये धरून बोटांनी फिरविले. काटा किंचित थरथरला. मीटर निर्दोष. पुढच्या चाकांना दगड लावून मागचे एकच चाक जॅकने उचलले व खाली भक्कम ठोकळा दिला. (दोन्ही उचलून एक फिरविले, तर दुसरे उलट फिरते आणि मधला दंड जागचा हलत नाही, ह्यात माझी अर्धी घटका गेली.) गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मुलाला चाक फिरवावयास सांगितले आणि केबल काढून खालून विजेरी धरली. पिनियन सुरेख फिरत होती! गिअरबॉक्सही निर्दोष.

मेकॅनिकाने जुनी केबल पुसून डिकीत ठेवली होती. दोन्ही तारा अंगणातल्या फरशीवर शेजारी मांडल्या. माझी नवी सुमारे अर्धा इंच आखूड होती. तिचे टोक पिनियनपर्यंत पोहोचतच नव्हते. जुनीला ग्रीस लावून, वरचे टोक कोरडे राखून (नाहीतर ग्रीस मीटरात चढते), पुन्हा बसविली. रस्त्यावर येताच काटा डोलत उठला.

वहीत लिहिले: "९१,४३७. केबल आखूड. दोष माझा."

लगेच गॅरेजात जाऊन त्याची क्षमा मागितली. तेथे त्या वेळी तिसरे कोणी नव्हते, आणि परत येताना हीच गोष्ट मला टोचू लागली. म्हणून शनिवारी, ऐन गर्दीत, पुन्हा गेलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तेच सांगितले. तो एका जीपखाली आडवा पडला होता. आतूनच म्हणाला, "सर, तो चौदाचा पाना जरा इकडे द्या."