दगडासारखा दिसणारा विंचू

आमच्या कृष्णराजनगरात पाणी म्हणजे कावेरीचं. समुद्र इथून कित्येक तासांच्या वाटेवर. त्यामुळे लेक मैत्रिणींबरोबर मालवणला समुद्रात डुबकी मारायला जायचं म्हणू लागली, तेव्हा शेजारच्या अज्जींना माझ्याहून अधिक घोर लागला. त्या म्हणाल्या, "पाण्यात चेळु असतो हो!" चेळु म्हणजे कन्नडमध्ये विंचू. इथल्या बाजारात काटा मारणाऱ्या एका नदीच्या माशाला 'चेळु मीनु' म्हणतात, तोच त्यांच्या मनात होता. पण समुद्रातही विंचूमासे असतात, आणि त्यांची गंमत अशी की ते दिसतच नाहीत.

२०२० साली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ तामिळनाडूत सेतुकराईजवळ समुद्री गवताची पाहणी करत होते. तळाशी त्यांना प्रवाळाच्या सांगाड्यासारखं काहीतरी दिसलं. मासा की दगड, हेच कळेना. डिवचल्यावर त्या 'दगडा'च्या पांढरट अंगाचा रंग काही क्षणांत पालटला! विंचूमाशाची ही जात भारताच्या समुद्रात जिवंत सापडल्याची ती पहिलीच नोंद होती.

याच गोतावळ्यातला अधिक जहाल मासा म्हणजे स्टोनफिश, आपला दगडमासा. अंग खडबडीत, त्यावर शेवाळ साचलेलं. तळाशी अर्धवट गाडून घेऊन तो तासन्‌तास निश्चल पडून राहतो. लहान मासा किंवा कोळंबी तोंडाशी आली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत गट्ट! पाठीवर तेरा काटे असतात आणि प्रत्येक काट्याच्या दोन्ही बाजूंना विषाच्या ग्रंथी. मात्र हे विष शिकारीसाठी नाही. नागासारखा तो अंगावर धावून येत नाही. आपला पाय वरून पडला, की त्या दाबानेच काटा रुततो आणि ग्रंथीतलं विष जखमेत उतरतं. म्हणजे दंश करायला माशाला काहीच करावं लागत नाही. जे करतो ते आपला पायच करतो.

वेदना मात्र जीवघेणी. ऑस्ट्रेलियात १९५९ पासून यावर प्रतिविष मिळतं. पण पहिला उपाय प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात आहे, तो म्हणजे गरम पाणी. या माशांचं विष प्रथिनांचं असतं, आणि उष्णतेने ते निकामी होऊ लागतं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. भावाला एकदा शिंगाळ्याचा काटा लागला, तेव्हा आजीने त्याचा हात गरम पाण्याच्या तपेल्यात बुडवून ठेवला होता. प्रथिनं वगैरे तिला काही ठाऊक नव्हतं, पण कळ थांबली होती.

आज डॉक्टरही तेच सांगतात. साधारण ४५ अंशांपर्यंतचं, सोसेल इतकंच गरम पाणी घ्यावं आणि दुखरा भाग तीस ते नव्वद मिनिटं त्यात ठेवावा. पाणी आधी चांगल्या हाताने पाहावं, कारण दुखऱ्या पायाला चटका उमगत नाही आणि कातडी भाजून निघते. घट्ट पट्टी आवळू नये, जखम चिरू नये, आणि कळ थांबली तरी दवाखाना गाठावाच.

लेकीला मी अडवलं नाही. जाड तळव्याचे बूट घे, तळाशी उभी राहू नकोस, कुठल्याही दगडाला, प्रवाळाला हात लावू नकोस, एवढंच बजावलं. मालवणचा तो समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथले जीव नुसते डोळ्यांनी पाहायचे, हे तसंही योग्यच.

अज्जींना हे सारं समजावून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे तो बिचारा आपल्याच घरात बसलेला असतो. पाहुण्यानेच पाय जपून टाकायचा!"