सोबत कोण कोण येतं

इंजिनिअरिंगला स्टॅटिक आणि डायनॅमिक लिंकिंगमधला फरक हा हमखास येणारा प्रश्न होता. दोन रकाने आखायचे, फाइलचा आकार, मेमरी, अपडेटची सोय असे मुद्दे भरायचे, की झालं. प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्यासोबत मेमरीत आणखी कोण कोण येऊन बसतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मला ते नीट कळलं मार्च २०२४मध्ये.

२९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरने जाहीर केलं, की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजमध्ये चोरदरवाजा आहे. एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता, म्हणून तो खोलात गेला. त्या अर्ध्या सेकंदाचं सगळ्यांनीच कौतुक केलं. मी अडलो वेगळ्याच जागी: एसएसएचच्या सर्व्हरचा एक्सझेडशी संबंध काय? थेट काहीच नाही. डेबियन, फेडोरा वगैरेंनी त्याला 'मी सुरू झालो' एवढा निरोप सिस्टिमडीला देता यावा म्हणून एक लायब्ररी जोडली होती. त्या लायब्ररीला जर्नलच्या फायलींसाठी एक्सझेडची लायब्ररी लागायची. म्हणजे निरोप्याच्या ओळखीवर तिसराच माणूस पंगतीला! आणि त्याला कुणी हाक मारायचीही गरज नव्हती. लायब्ररी लोड होतानाच तिचा थोडा कोड चालतो.

यावर उतारा म्हणजे डीएलओपन. लायब्ररी सुरुवातीलाच न जोडता, खरोखर लागेल तेव्हा प्रोग्रॅमने ती नावाने मागवायची, मग डीएलसिमने हव्या त्या फंक्शनचा पत्ता विचारायचा. सिस्टिमडीने २५६व्या आवृत्तीत कॉम्प्रेशनच्या लायब्रऱ्या अशाच केल्या. पण मग एलडीडी चालवून पाहिलं तर त्या दिसतच नाहीत! म्हणून 'मी पुढे यांना बोलावू शकतो' अशी नोंद बायनरीतच लिहायची पद्धत त्यांनी सोबत आणली. मला तो उतारा आवडला, ही नोंद जास्त आवडली.

माझ्या कामात बाहेरच्यांनी लिहिलेले प्लगइन असेच उघडावे लागतात. 'लेझी' पर्याय दिला, तर न सापडणारं फंक्शन प्रत्यक्ष हाक मारेपर्यंत कळत नाही. एका पुरवठादाराचं प्लगइन सकाळी बिनतक्रार उघडलं आणि संध्याकाळी, क्वचित लागणाऱ्या एका फंक्शनवर, चालू प्रोग्रॅमसकट कोसळलं. तेव्हापासून मी 'नाऊ'च वापरतो: जे काही सापडायचंय ते दारातच सापडू दे. सुरू व्हायला वेळ लागतो, अशी टीममध्ये कुरकुर असते. असू दे. सहीची तपासणीही उघडण्याआधीच, कारण डीएलओपन परत येईपर्यंत आतला कोड चालून गेलेला असतो.

नव्याने आलेल्या मुलीने परवा विचारलं, "पण दादा, डीएलक्लोज केलं की जाते ना ती?" ग्लिबसीमध्ये मोजणी शून्यावर आली तर बहुतेक वेळा जाते. आमचे कंटेनर अल्पाइनवर चालतात, तिथे मसल आहे. त्यात डीएलक्लोज काहीच काढत नाही. एकदा आलेली लायब्ररी प्रोग्रॅम संपेपर्यंत तिथेच.